ट्रकला बांधलेला फिरकीचा तांब्या

आपण सध्या कुठल्या राज्यात राहतो, हे माझ्या तरुणपणी ग्वाल्हेरच्या माणसाला अधूनमधून विचारून घ्यावं लागे. मी जन्मलो तेव्हा संस्थान होतं. मिसरूड फुटलं तेव्हा मध्य भारत झाला. ते नाव तोंडात जरा बसतंय तोवर त्याचंही विसर्जन ठरलं, आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला होणार असं कळलं. दर वेळी कुठलं तरी खातं दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात मिसळलं जायचं आणि मिसळताना काही माणसं वर तरंगायची. त्यांना सरकारी भाषेत फाजील म्हणत. माझे वडील पहिल्याच मिसळणीत फाजील ठरले.

आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले आणि पागेत चाकरीला राहिले. पुढे पागेचा मोटारखाना झाला, तेव्हा आजोबांनी वडिलांना घोड्याऐवजी चाकावर बसवलं. वडील संस्थानच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते. पांढरा बंद गळ्याचा कोट, डोक्याला साफा, बटणं घासून लखलखीत. गाडी चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि गाडीच्या आत काय असतं याची त्यांना काडीइतकी माहिती नव्हती. बॉनेट उघडणं हे मिस्त्रीचं काम. स्वाराने घोड्याचं पोट फाडून बघू नये, असा काहीसा त्यांचा विचार असावा.

मोटारखाना मोडला तेव्हा त्यांना एक कागद आणि थोडी रक्कम मिळाली. त्या रकमेत त्यांनी लढाईतून उरलेला, लष्कराने लिलावात काढलेला एक ट्रक घेतला. एक फाजील ड्रायव्हर आणि एक फाजील ट्रक, असा संसार सुरू झाला. बिर्लानगरच्या गिरण्यांना कोळसा पोचवायचा, परतताना मिळेल ते आणायचं. कोळशाच्या ट्रकवर वडील साफा बांधून बसायचे. हमाल हसायचे. एकाने एकदा विचारलं, "जमादार, बारात कहाँ जा रही है?" मोटारखान्यात त्यांना जमादारच म्हणत. त्या माणसाला ते कुठून कळलं कोण जाणे, पण ती हाक ऐकून वडील मनातून सुखावले असावेत, कारण त्याच्या चेष्टेचा त्यांनी पुढे कधी राग धरला नाही.

आता या ट्रकचं दुखणं सांगतो. इंजिनालाही श्वास असतो. आतल्या रिंगा झिजल्या की वरचा जाळ खाली तेलात झिरपतो, त्याची वाफ होते, आणि ती बाहेर पडायला इंजिनाच्या कुशीतून एक नळी काढलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. धडधाकट इंजिनाची नळी हलके उसासे टाकते. आमची नळी दमेकऱ्यासारखी खोकायची आणि खोकताना तेल थुंकायची. जिथे गाडी खडी केली तिथे (आमच्या ग्वाल्हेरी मराठीत गाडी उभी राहत नाही, खडीच होते) जमिनीवर काळं थारोळं. केबिनच्या फटीतून तेलकट धूर वर यायचा तो वेगळाच. वडिलांच्या पांढऱ्या कोटाला त्या धुराने बदामी रंग चढला होता, आणि आई तो कोट रोज उकळत्या सोड्यात घालायची, जणू तेलाचा नव्हे, अपमानाचा डाग काढायचा आहे.

मोटारखान्याची शिस्त अशी, की गाडीच्या पोटातून थेंब पडला तर ड्रायव्हरची मान खाली. म्हणून तिथे खड्या गाडीखाली परात ठेवायची पद्धत होती. वडिलांनी ती घरीही चालू ठेवली. आमच्या गल्लीत रात्री ट्रक लागला की आईची पीठ मळायची जुनी परात त्याच्याखाली सरकवली जायची. सकाळी वडील ती ओढून काढत, आतलं तेल बघत आणि काही न बोलता माझ्या हातात देत. त्या न बोलण्यात माझ्या इंटरच्या नापाशीचाही समावेश असे. मी सायन्सला दोनदा गचकलो होतो आणि तिसऱ्यांदा गचकायच्या तयारीत होतो. मधल्या वेळात एका भंगारवाल्याकडून इंजिनावरचं इंग्रजी पुस्तक मिळवून मी स्वतःला मिस्त्री नेमलं होतं. या नेमणुकीला दुसऱ्या कुणाची मान्यता नव्हती.

असं चाललेलं असताना कचेऱ्या भोपाळला हलवायचं निघालं. टेबलं, कपाटं, दप्तरं, पंखे, घड्याळं, सगळं. सरकारी गाड्या पुरेनात, म्हणून भाड्याचे ट्रक बघायला एक अधिकारी फिरू लागले. महाकोशलाकडून आलेले, तरुण, झोप न झालेले गृहस्थ. आमच्या ट्रकभोवती त्यांनी एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "टपकती बहुत है।" मग वडिलांच्या कोटाकडे पाहून त्यांनी सहज आणखी एक वाक्य टाकलं. नव्या राजधानीत सरकारी गॅरेज उघडतंय, ड्रायव्हर लागतील, गाडी साफ ठेवणारी माणसं तिकडेच ठेवून घ्यायचा विचार आहे.

ते गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय. वडिलांना पुन्हा वर्दी मिळणार की नाही.

तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पेन्शनीची आशा असती तर समजण्यासारखं होतं. पण त्यांनी एकदाही पगाराचं नाव काढलं नाही. जुन्या कोटावरची संस्थानची बटणं त्यांनी काढून ठेवली होती, कारण ती लावायचा हक्क उरला नव्हता. जागी साधी शिंपल्याची लावली होती. बोलता बोलता त्यांचा हात त्या बटणांकडे जायचा आणि तिथून परत यायचा. आई एकदा म्हणाली, "अहो, भोपाळला जाऊन राहायचं म्हणजे भाषा, पाणी, सगळंच निराळं." वडील म्हणाले, "मोटार सगळीकडे सारखीच चालते."

मग त्यांनी मला हुकूम दिला. तेल गळायचं बंद झालं पाहिजे.

रिंगा बदलणं हा सरळ उपाय होता. पण त्या इंजिनाचे भाग ज्या देशात होत, तो देश आपलं लढाईतलं सामान केव्हाच विसरला होता. तेव्हा मी माझं पुस्तक उघडलं आणि एक युक्ती शोधली. नळीने थुंकायचं ते थुंकू दे. आपण तिच्या तोंडाला पिकदाणी लावू. ब्रीदरला रबरी नळी जोडायची, ती एका डब्यात न्यायची, डब्यात काथ्या भरायचा. वाफ काथ्यातून जाताना तेल काथ्याला चिकटून खाली साचतं, आणि कोरडा धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो. तळाला एक तोटी. रोज संध्याकाळी ती उघडून साचलेलं तेल काढायचं. झालं.

मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन आलो. वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की डब्यालाच लाज वाटावी. म्हणाले, "सरकारी पोर्चमध्ये तुपाचा डबा लटकवून जायचं?"

"बाबा, तो बॉनेटच्या आत असतो. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

पत्र्याचं काही चालणार नाही, पितळ पाहिजे, असं ठरलं. घरात घट्ट झाकणाचं पितळी भांडं एकच होतं. आईचा फिरकीचा तांब्या. झाकण पेचाने बसणारा, प्रवासात पाणी न्यायचा. आई लग्न होऊन साताऱ्याकडून एवढ्या लांब आली तेव्हा तिच्या आईने रस्त्यासाठी दिलेला. नंतर ती माहेरी फार वेळा गेली नाही, म्हणून तांब्या नव्यासारखा राहिला होता.

वडिलांनी मागितला. आईने फळीवरून काढून दिला, पण तोंड बंद ठेवलं नाही. "घ्या. माहेरची एवढीच वस्तू राहिली होती, तीत आता इंजिनाची थुंकी भरा. आणि हा मिस्त्री," माझ्याकडे हात करून, "याने घरातली चालती घड्याळं बंद पाडली आहेत, हे ध्यानात असू द्या."

दौलतगंजातल्या ठठेऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे, तांब्या घेऊन गेलो. झाकणाला दोन नळ्या आणि तळाला तोटी डाख देऊन बसव, असं सांगितलं. त्याने तांब्या फिरवून फिरवून पाहिला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, हुक्का आहे का. मी म्हटलं ट्रकसाठी आहे. तो म्हणाला, "तो ट्रक पिएगा? तंबाकू भी हम ही दें?" पुढे कित्येक दिवस त्या बाजारातून जाताना कुणी ना कुणी मला आमच्या ट्रकला खोकला कसा आहे हे विचारत असे.

बसवण्यात मी ज्या चुका केल्या त्या सगळ्या सांगितल्या तर हे लिखाण संपायचं नाही. पहिल्यांदा तांब्या मी सायलेन्सरच्या नळीशेजारी टांगला, कारण तिथे रिकामी जागा होती. ती रिकामी का होती याचा विचार करायला पाहिजे होता. रबरी नळी वितळून मेणबत्तीसारखी ओघळली. मग तांब्या उचलून केबिनच्या पुढच्या पत्र्याला लोखंडी पट्टीने आवळला. दुसऱ्यांदा काथ्या इतका ठासला की वाफेला वाटच राहिली नाही. तेल बघायची पट्टी आपली आपण भोकातून वर आली आणि तिच्यामागून तेल. काथ्या निम्मा काढला. तिसऱ्यांदा नळी जोडताना ती तांब्याकडून इंजिनाकडे उतरती ठेवायची सोडून मध्ये झोळ ठेवला. झोळात पाणी साठून इंजिन गुळण्या केल्यासारखा आवाज करू लागलं. तोही आवळला.

आणि मग एका सकाळी वडिलांनी परात ओढून काढली तर ती कोरडी होती. त्यांनी ती उन्हात तिरकी धरून पाहिली. बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. त्या दिवशी आईला म्हणाले की याला जेवायला जास्त वाढ.

रोज संध्याकाळी इंजिन निवलं की मी तोटीखाली डबा धरायचो. आत काय निघायचं ते थंडी वाढली तसं बदलत गेलं. आधी काळं तेल. मग, सकाळी धुकं पडायला लागल्यावर, तेलात पाणी मिसळून दूध घातलेल्या कॉफीसारखा चिकट लगदा. तो तोटीत अडकायचा, तार घालून काढावा लागायचा. दर आठवड्याला काथ्या बाहेर काढून घासलेटमध्ये खळबळून, वाळवून परत भरायचा. फिरकीच्या पेचात मळ बसायचा. एक दिवस कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी इंजिन नाक चोंदल्यासारखं घरघरायचं. हा सगळा घाण व्यवहार माझा. वडिलांनी स्वतःकडे एकच काम घेतलं, तांब्या घासायचं. चिंच आणि राख घेऊन रोज सकाळी. आयुष्यात पहिल्यांदा ते बॉनेटमध्ये वाकत होते, आणि तिथे त्यांना दिसत होती ती एकच वस्तू, जी घासली की चमकते.

पण बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी थोडा धूर यायचाच. त्याची काळी रेघ तांब्याच्या पोटावरून खाली उतरायची. सकाळी पुसली की संध्याकाळी परत. वडील तिच्याकडे बघून म्हणत, "ही जात का नाही?" मी पुस्तकातलं शास्त्र सांगत असे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच विचारत. त्यांना शास्त्र नको होतं.

माल भरायचा दिवस ठरला. ज्या इमारतीच्या पोर्चमध्ये वडील संस्थानाच्या काळात गाडी लावत, तिथेच आता एक कचेरी भरत असे, आणि तिचंच सामान आम्हाला न्यायचं होतं. तोच पोर्च, तोच लाल दगड. वडिलांनी आदल्या संध्याकाळी कोटाला इस्त्री केली, साफ्याला खळ दिली. अधिकारी स्वतः येणार होते. मी तांब्याकडे पाहिलं, त्या रेघेकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माझ्या डोक्यात कल्पना येणं हीच आमच्या घरावरची मुख्य आपत्ती होती.

पोर्चमध्ये ट्रक खडा असेल तेवढ्या वेळापुरती बाहेरची नळी बंद करायची. लाकडाची खुंटी तासून घट्ट बसवायची. धूर नाही, रेघ नाही. माल भरताना इंजिन बंदच असणार. निघालो की पहिल्या वळणावर उतरून खुंटी काढायची. घरून पोर्चपर्यंत रस्ता एवढासा. तेवढ्यात काय होणार? शिवाय केबिनमध्ये धुराचा वास येऊ नये म्हणून तेल भरायच्या झाकणाखाली चामड्याचा नवा वायसरही घातला. म्हणजे इंजिनाची दुसरी नाकपुडीही बंद. सकाळी वडिलांनी तांब्या पाहिला, स्वच्छ. माझ्या पाठीवर हात ठेवला. असं ते क्वचितच करत.

पोचलो. वडिलांनी ट्रक पोर्चमध्ये असा आणून लावला की पायरी आणि फळी एका रेषेत आली. मागे हमाल कपाटं चढवू लागले, मी दोर आवळायला मागे गेलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की इंजिन चालूच आहे.

मोटारखान्याची रीतच तशी होती. पोर्चमध्ये गाडी सुरू करायची नसते. स्वारी बाहेर येऊन बसायच्या आधीपासून इंजिन हलकं चालू ठेवायचं, म्हणजे सुरू करायचा खडखडाट त्या कानांवर पडत नाही. मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण खुंटी तासताना मला एक गोष्ट विसरायची होती, ती नेमकी हीच निघाली. वडील चाकामागे ताठ बसले होते, नजर समोर, पोर्चच्या बाहेर. आतून कपाटं येत होती, पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटावं की कुणी तरी फार मोठं माणूस जिना उतरून येतंय.

मी पळत खिडकीशी गेलो. "बाबा, इंजिन बंद करा."

ओठ न हलवता ते म्हणाले, "पोर्चमध्ये बोलायचं नसतं."

"बाबा, ऐका तरी. खुंटी आहे आत."

"मागे हो. साहेब येताहेत."

साहेब खरंच येत होते, हातात चहाचा कप घेऊन. मी बॉनेटकडे धावलो, पण उघडण्याआधीच आतून भात उतू जावा तसा आवाज आला आणि लगेच बाटलीचं बूच उडाल्यासारखा दुसरा. तेल भरायचं झाकण उडालं. पाठोपाठ रबरी नळी तांब्यावरून निसटली. गरम तेल काचेवर, बॉनेटच्या फटींतून दोन्ही बाजूंना, खालच्या दगडावर. केबिनच्या फटीतून आत. वडिलांनी इंजिन बंद केलं तोवर कोट छातीपासून गुडघ्यापर्यंत काळा झाला होता.

हमालांनी कपाट खाली ठेवलं आणि बघत राहिले. वडील उतरले. माझ्याकडे पाहिलंही नाही. कोट काढला, आतली बाजू बाहेर करून घडी केली आणि खाली बसून त्याच कोटाने पोर्चचा दगड पुसू लागले. मी शेजारी बसलो तर कोपराने मला ढकललं. तेल सांध्यांत शिरलं होतं. ते नखाने काढत होते.

अधिकारी येऊन उभे राहिले. मी मनात क्षमेची वाक्यं जुळवत होतो, हिंदीत. त्यांनी कपातला उरलेला चहा कुंडीत ओतला आणि वडिलांना म्हणाले, "रहने दीजिए बाबा। अब यहाँ कौन आनेवाला है?"

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. ते खरंच समजुतीने बोलले. पण वडिलांचा हात दगडावर थांबला तो पुन्हा हलला नाही. मला वाटतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला निदान पोर्च म्हणजे काय हे ठाऊक असतं. या माणसाला थारोळं काय, तांब्या काय, काही म्हणजे काही नको होतं. त्याला ट्रक पाहिजे होता. "चलेगी तो?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं चलेगी. "तो भरो," तो हमालांना म्हणाला आणि घड्याळ बघत आत गेला.

ते पुन्हा बाहेर आले तेव्हा मी बॉनेटमध्ये वाकून तांब्याची खुंटी काढत होतो; मग नळी बसवली, तेल पुन्हा भरलं. शिवपुरी, गुना, ब्यावरा. वडील नुसत्या सदऱ्यावर चालवत होते, थंडी होती तरी. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. गुन्याच्या पुढे ते एकदाच बोलले. "तुझी अक्कल कुठे गेली होती असं मी विचारणार नाही. ती यायची आहे." मी हसलो. ते हसले नव्हते.

भोपाळला सामान एका अर्धवट बांधलेल्या बराकीत उतरवलं. घड्याळं ओल्या चुन्याच्या भिंतीशी ओळीने ठेवली, त्यांत निरनिराळी वेळ. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड होती. आमचे अधिकारी तिथेही होते. त्यांनी दिलेला शब्द ते विसरले नव्हते, हे मला मान्य केलं पाहिजे. वडिलांना त्यांनी स्वतः एका मुख्य बाबूकडे नेलं. बाबूने कागद उलटेपालटे केले. संस्थानची चाकरी मध्य भारतात धरली जाते की नाही, मध्य भारतात फाजील ठरलेला नव्या राज्यात धरता येतो की नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मग वय विचारलं. वडिलांनी खरं सांगितलं. बाबूने नाही अशी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. कदाचित खरंच वाटलं असेल.

अधिकाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं. काही तरी द्यावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसलो. "और ये? मैट्रिक है?" मॅट्रिक होतो. "इंजन पर वो लोटा इसी ने लगाया था न? कुछ दिमाग तो चलाता है। मिस्त्री का हेल्पर रख लो।"

ज्या लोट्याने वडिलांचा कोट घालवला, त्याच लोट्याबद्दल मला नोकरी मिळत होती. त्याच्यापायी पोर्चमध्ये तेल उडालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही. मी पुढे त्या खात्यात मुरलो तेव्हा मला कळलं की हा काही चमत्कार नव्हता, आमच्या खात्यात माणसं अशीच निवडली जात. पण त्या क्षणी मी तोंड उघडलं, नाही म्हणायला. वडील माझ्या आधी बोलले. हिंदीत, ताठ उभं राहून, "जी। रख लीजिए।"

दुसऱ्या दिवशी मला वर्दी मिळाली. खाकी, कोणा जाड्या माणसाच्या मापाची, खांद्यावर ओघळणारी. वडिलांनी मला शेडच्या मागे नेलं, मागे-पुढे फिरवून पाहिलं आणि कॉलर नीट केली. बटणं पितळेची होती. एकावर त्यांनी अंगठा घासला, सवयीने, आणि हात काढून घेतला. म्हणाले, "आईला सांगतो मी." मी म्हटलं, बाबा, मी चार महिन्यांत सोडून येतो. त्यावर ते म्हणाले, "वर्दी घातल्यावर असं बोलत नाहीत."

मग ते परत निघाले, एकटे. ट्रक थंडीत रात्रभर उघड्यावर होता. सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसता किरकिर आवाज, पुन्हा, पुन्हा. शेडमधले मिस्त्री, ड्रायव्हर, सगळे बघत होते. खिडकीतून वडिलांचा साफा दिसत होता, घरून नेलेला, खळ अजून मोडली नव्हती. शेवटी त्यांनी डोकं बाहेर काढून धक्का मारायला सांगितलं. मी मागे जाऊन फळीला खांदा लावला, दोन मिस्त्रीही आले. तेवढ्यात वडिलांनी आरशात मला पाहिलं असावं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी मला बाजूला होण्याची खूण केली. मला वाटलं दुसऱ्या कुणाला करताहेत. त्यांनी पुन्हा केली, जोरात, आणि ओरडले, "तू नको. कपडे घाण होतील."

मी बाजूला झालो. त्या दोघांनी ढकलत ढकलत ट्रक उतारापर्यंत नेला. खाली कुठे तरी तो सुरू झाल्याचा आवाज आला.